दसऱ्यानंतरचे परडे

परसबागेवरची मराठी पुस्तके बहुतेक मृगापाशी सुरू होतात. आळी खणा, शेणखत भरा, बिया टोचा. पाऊस आला की पुढचे तो बघतो. हे पुस्तक मुद्दाम उशिरा सुरू होते. घट उठले की याचे पहिले पान उघडावे आणि तुळशीची लग्ने आटोपली की मिटावे. विषय तेवढाच आहे: वेल्हे तालुक्यातल्या घरामागच्या परड्याची शरदातली राखण.

एवढ्या थोड्या दिवसांसाठी अख्खे पुस्तक कशाला, असे कुणी विचारेल. उत्तर इथल्या पावसात आहे. श्रावणात वेल्ह्यात परसबाग नसलेले घर शोधावे लागते. दोडका वळचणीवरून कौलांवर गेलेला असतो, डांगराचा वेल शेजाऱ्याच्या उकिरड्यापर्यंत पोचलेला असतो, आणि अळू तर कुणी न लावता न्हाणीच्या कडेला माजलेले असते. ही बाग पावसाने केलेली. तिचे श्रेय घरच्यांनी फारसे घेऊ नये. त्याच वाड्यांतून मार्गशीर्षात फिरून पाहा. बऱ्याच परड्यांत वाळक्या वेलांची जाळी लोंबत असतात, वाफ्यांना भेगा पडलेल्या असतात आणि चुलीवर नसरापूरहून आणलेली कोबी शिजत असते. मधूनच एखादा मांडव हिरवागार दिसतो, खाली मेथी-लसणाचे ताजे वाफे असतात. तिथे दसऱ्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत कुणाचे तरी रोज लक्ष होते, असे खुशाल समजावे. बहुधा घरातल्या बाईचे.

बाहेरच्यांना वेल्हे माहीत आहे ते तोरणा आणि राजगडामुळे. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तालुक्याला राजगड हेच नाव देण्याचा निर्णयही घेतला. भाजी पिकवणाऱ्याच्या दृष्टीने मात्र गडांपेक्षा गडांखालचे उतार महत्त्वाचे. कानंदी, गुंजवणी, आंबी, मोसे या नद्यांच्या खोऱ्यांत जी सपाट, गाळाची, काळसर जमीन होती तिचा मोठा वाटा धरणांखाली गेला. पानशेत, वरसगाव, अलीकडचे गुंजवणी. शेजारच्या भोरमध्ये इंग्रजी अमदानीतले भाटघर आणि नंतरचे नीरा-देवघर. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले हे पुण्याने लक्षात ठेवले. धरणापायी कोणाची मळई बुडाली, कोणाचे परडे बुडाले, हे फक्त खोऱ्यातल्या लोकांच्या लक्षात आहे. जी घरे वर सरकली त्यांच्या वाट्याला तांबडी, मुरमाड, उताराची माती आली. या मातीत पाणी शिरते तसे निघूनही जाते. जूनपासून धो धो पाऊस झेललेली जमीन आठ-दहा दिवसांच्या कोरड्या उन्हात वरून कडक होते. पावसाचे आगर असलेल्या या डोंगरांतल्या वाड्यांवर उन्हाळ्यात हंड्यांची रांग लागते, त्याचेही मूळ हेच.

म्हणून शरदातल्या परड्याचे पहिले काम पेरणीचे नाही, ओल धरून ठेवण्याचे आहे. पावसाळ्यात आपण गादीवाफे करतो, म्हणजे वाफा वर आणि चर खाली, पाणी वाहून जावे म्हणून. पाऊस थांबल्यावर हीच रचना वैरीण होते. उंच वाफा चहूबाजूंनी सुकतो. तेव्हा गादीवाफा मोडून माती चरांत ओढायची आणि सपाट, कडेने बांध घातलेला वाफा करायचा. हे करायचे ते वाफशावर. मूठभर माती घेऊन दाबा. बोटांतून चिखल निघाला तर थांबा. गोळाच होत नसेल तर उशीर झाला, आधी पाणी द्या. गोळा झाला आणि कमरेइतक्या उंचीवरून टाकल्यावर फुटला, तर त्याच दिवशी खुरपे हातात घ्या. इथल्या मुरमाड मातीत वाफसा फार दिवस टिकत नाही. दोन दिवस दुर्लक्ष झाले की खुरपे टणकन वाजते.

पण सगळे वाफे एकदम उतरवू नका, असेही या पुस्तकात सांगितले आहे आणि ते मला पटते. पाऊस आता जुन्या पंचांगाला बांधलेला नाही. हवामान खात्याने २०२० मध्ये मोसमी पावसाच्या तारखा नव्याने लावल्या, तेव्हा मुंबईतून पाऊस परतण्याची सरासरी तारीख सप्टेंबरच्या अखेरीवरून ८ ऑक्टोबरला गेली. २०१९ मध्ये तर दिवाळीत आणि दिवाळीनंतरही पाऊस कोसळत राहिला आणि राज्यभर हाताशी आलेली पिके शेतात कुजली. त्यामुळे हस्त सरला की निम्मे वाफे उतरवावेत आणि निम्म्यांचे चर स्वाती लागेपर्यंत उघडे ठेवावेत. अशी विभागणी करणारीला कोणत्याही वर्षी रडायची पाळी येत नाही.

आता अडचणीची गोष्ट. परड्याला ज्या दिवसांत माणूस हवा असतो, त्याच दिवसांत भातकापणी येते. वेल्ह्याचे खरे पीक भात. पूर्वी आंबेमोहोर, आता खाचरांत जास्त करून इंद्रायणी. ही जात वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ मध्ये आणली, आणि तिच्या एका अंगाला आंबेमोहोराचेच रक्त आहे. ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून कापणी, बांधणी, वाहणी, झोडणी यांत घरातला एकही हात रिकामा नसतो. ‘कापणी उरकू दे, मग बघू’ हे वाक्य दर वर्षी ऐकू येते आणि उरकेपर्यंत परड्यातला वाफसा गेलेला असतो. शहरातल्या बागकामाच्या लेखांत हा प्रश्न कधी दिसत नाही, कारण तिथे बाग हा फावल्या वेळेचा छंद असतो. वेल्ह्यातल्या बाईला फावला वेळ मिळतो तो सकाळी भाकऱ्या थापण्याआधी आणि संध्याकाळी धारा काढण्याआधी. या पुस्तकातली सगळी कामे तेवढ्या वेळात बसवली आहेत, आणि हेच मला त्याचे सर्वांत मोठे बळ वाटते. यात कुठेही ‘दिवसातून दोनदा पाणी द्या’ असे लिहिलेले नाही. भांडी घासलेले आणि आंघोळीचे पाणी कोणत्या वाटेने कोणत्या आळ्यात जाईल, एवढे एकदा आखून घ्या, असे लिहिले आहे. साबणाचे पाणी केळीला, अळूला, कर्दळीला. तांदूळ-भाज्या धुतलेले पाणी पालेभाजीच्या वाफ्याला. हंड्याचे पाणी फक्त रोपांना.

आच्छादनाचेही तसेच. पुस्तकी सल्ला भाताचा पेंढा पसरा असा असतो. पण इथे पेंढा ही गुरांची वैरण आहे, ती मातीवर कोण घालील? खळ्यावर उरलेले फोल, तूस, मोडलेला बारीक काड आणि झाडांखालचा पाला, एवढ्यावर काम भागते. दसऱ्याच्या सुमारास टाकळ्याच्या शेंगा तडकायच्या बेतात असतात. तो त्याआधी उपटून वाफ्यांवर आडवा पसरला, तर आच्छादनही होते आणि पुढच्या वर्षीचे खुरपणही वाचते. जूनमध्ये आपण ज्याची भाजी खाल्ली तोच हा टाकळा, पण परड्याच्या मधोमध त्याला बी धरू देणे परवडत नाही.

शरदातल्या मांडवाचा राजा पावटा. याच्याबद्दल जरा सविस्तर लिहिले पाहिजे, कारण सगळ्यांत जास्त तक्रारी त्याच्याच असतात. आषाढात लावला, श्रावणात मांडव भरला, भाद्रपदात नुसता पाला. फूल काही येत नाही. मग कुणी खत घालते, कुणी पाणी वाढवते, आणि वेल आणखीच माजतो. पावट्याच्या आपल्या जुन्या, वेली जाती दिवसाची लांबी ओळखतात. वेल्ह्यात जूनमध्ये सव्वातेरा तासांच्या आसपास असलेला दिवस नोव्हेंबरच्या सुरुवातीला साडेअकरा तासांवर येतो. रात्र पुरेशी मोठी झाल्याशिवाय या जाती फुलावर येतच नाहीत, मग बी जूनमध्ये टोचलेले असो की ऑगस्टमध्ये. बुटक्या सुधारित जातींना हे बंधन नसते. त्या केव्हाही फुलतात, पण मांडव भरून देत नाहीत आणि महिनोन्महिने तोडाही देत नाहीत. तेव्हा हस्तात पावट्याला खत घालू नये. पाणी तोडावे, वाळकी पाने काढून मांडवात वारा खेळू द्यावा, फार पसरलेले शेंडे खुडावेत आणि वाट पाहावी. दिवाळीच्या आगेमागे पांढरे-जांभळे तुरे दिसू लागतात. तिथून पुढे पाणी पुन्हा सुरू करावे, कारण शेंग भरताना वेल तहानलेला राहिला तर शेंगा चपट्या राहतात. आमच्याकडच्या आज्ज्या याला ‘पावट्याला थंडी लागली पाहिजे’ म्हणतात. त्यांचे निरीक्षण बिनचूक, फक्त थंडीसोबत लांबणाऱ्या रात्रीलाही थोडा मान द्यायला हवा.

मांडवाखालचे आणखी एक गणित भोंडल्यात लपलेले आहे. हस्तात पाटावर हत्ती काढून मुली फेर धरतात, त्यात कारल्याच्या वेलाचे एक गाणे सगळ्यांना पाठ असते. सून माहेरी जायला निघते आणि सासू तिला आधी कारल्याचे बी पेरायला सांगते. मग कोंब येऊ दे, मग वेल, मग फूल, मग कारले, मग भाजी. बी टोचल्यापासून पहिले कारले हाती यायला साधारण दोन महिने लागतात. म्हणजे हस्तात पेरायला लावणाऱ्या सासूने सुनेचे माहेर सरळ मार्गशीर्षावर ढकलले, आणि थंडीत कारल्याचा वेल रेंगाळतो हे धरले तर त्याहून पुढे. गाणे रचणारीला शेती येत होती! कारले, दोडका, पडवळ, घोसाळे यांना शरदात नवे लावू नये, आहेत त्यांचे शेवटचे तोडे घ्यावेत आणि बियांसाठी एक-दोन फळे वेलावर जून होऊ द्यावीत, हा साधा नियम त्या गाण्यातूनही निघतो.

नवे काय लावायचे, ते पुढच्या प्रकरणांत तपशीलवार आहे, इथे धावती नजर पुरे. मेथी आणि मुळा आधी, कारण ती लवकर हाती लागतात. मेथी महिन्याच्या आत खुडता येते. धने चपलेखाली हलके रगडून, दोन फाका करून पेरावेत. ऑक्टोबरच्या तापलेल्या मातीत ते रुसतात, म्हणून कोजागिरीनंतर, रात्री गार झाल्यावर. लसणाच्या पाकळ्या शेंडा वर ठेवून वीतभरापेक्षा कमी अंतरावर. चाकवत, चंदनबटवा, राजगिरा, वांगी-मिरची-टोमॅटोची रोपे, कांद्याचे तरू, वाटाण्याच्या दोन ओळी. कापणी झालेल्या खाचरात हरभरा जातोच. परड्याच्या वरच्या, उन्हाच्या कडेला शेवगा असेल तर त्याच्या फांद्या आता छाटू नयेत.

किडींची गोष्ट दवापासून सुरू होते. दिवसा चटका आणि रात्री दव, असे दिवस लागले की वेलांच्या पानांवर भुरी आणि पावट्याच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा ठरलेला. काळ्या माव्याने शेंडा लडबडून गेलेला असतो आणि मुंग्या वर-खाली करत असतात. यावर इथला जुना उपाय चुलीची राख. पण ती केव्हा टाकायची यातच सगळे आहे. पहाटे, दव पानावर असतानाच, चाळलेली राख मुठीने वाऱ्याच्या दिशेने उधळायची, म्हणजे ती पानाला चिकटते. नऊ वाजता कोरड्या पानावर टाकलेली राख खाली मातीत जाते आणि मग ‘राखेने काही होत नाही’ अशी तक्रार येते. वांग्याचा मलूल झालेला शेंडा दिसला की आत अळी आहे असे समजून तो खुडून चुलीत टाकावा. काकडी-दोडक्याच्या फळमाशीला कामगंध सापळा उपयोगी पडतो, आणि डंख मारलेली फळे वेलाखाली पडू देऊ नयेत. रासायनिक औषधांबद्दल माझे मत स्पष्ट आहे. जी मेथी संध्याकाळी घरातल्या पोराच्या ताटात जाणार, तिच्यावर सकाळी काय मारायचे याचा विचार करायला कुणाची परवानगी लागू नये.

वानरे आणि रानडुकरे यांच्यापुढे मात्र राखेचे काही चालत नाही. डुक्कर एका रात्रीत सुरण आणि करांद्याची आळी उकरून टाकते. कुडाचे कुंपण, कारवीच्या काठ्या, मेसाच्या कांब्या, कडेने निरगुडी, हे सगळे थोडाफार अटकाव करते. खात्रीचा उपाय म्हणजे परडे घराला लागून असणे आणि ओट्यावर कुणीतरी म्हातारे माणूस बसलेले असणे. पोरे पुण्याला गेली आणि घरात दोनच माणसे उरली, तिथे वानरे दुपारी मांडवावर निवांत जेवतात. हा प्रश्न बागकामाच्या पुस्तकाने सुटणारा नाही, पण तो आहे हे पुस्तकाने लपवलेलेही नाही.

आता बियाण्याबद्दल. बी धरण्याचा हंगाम शरद हाच, कारण दसऱ्यानंतरचे ऊन बी वाळवायला उत्तम. डांगराचा देठ वाळला आणि सालीत नख रुतेनासे झाले की ते उतरवायचे, बिया राखेत घोळवून सावलीत सुकवायच्या आणि गाडग्यात ठेवून तोंड लिंपायचे. काही घरांत दुधी-दोडक्याच्या बिया शेणात थापून भिंतीला लावतात. पावट्याचा दाणा दातांखाली कट् वाजला तर वाळला, दबला तर अजून ऊन द्यायचे. बी कितपत उगवते याची परीक्षा पूर्वापार घटस्थापनेत होते. शेतातली माती, घरचे धान्य, नऊ दिवस पाणी, आणि दसऱ्याला कोणता दाणा किती वर आला ते सगळ्या घराने पाहिलेले असते. वेल्ह्यात मेंगाईच्या देवळात आणि घरोघरी हे आजही होते, मात्र घटात टाकलेले दाणे पुष्कळदा बाजारच्या पुडीतले असतात.

या कामात महाराष्ट्रापुढे एक मोठे उदाहरण आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. घराभोवती त्यांनी वाल, घेवडा, भाज्या, भात यांच्या जुन्या जाती जपल्या, बायफ संस्थेच्या साथीने गावरान बियाण्यांची बँक उभी केली, बीबीसीच्या २०१८ च्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचे नाव आले आणि २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. कोंभाळणे आणि वेल्हे, दोन्हीकडे सह्याद्रीचाच उतार, भात तेच, वालाचे मांडव तेच. तिकडे जे जमले ते इकडे का जमू नये? एवढे लक्षात ठेवावे की पावटा आणि टोमॅटो बहुतांशी स्वतःच्या परागावर बी धरतात, म्हणून त्यांची जात जपणे सोपे. दुधी, डांगर, काकडी यांची फुले मधमाश्या एकमेकांत मिसळतात. शेजारच्या परड्यात त्याच भाजीचे संकरित बी लावले असेल तर आपल्या बियांतून काय निघेल याचा भरवसा नाही. बियाणे जपणे म्हणूनच एकट्या घराचे काम राहत नाही, अख्ख्या वाडीने ठरवावे लागते.

परसबागेबद्दल जे मोठमोठे दावे केले जातात त्यांवर थोडे पाणी ओतणे प्रस्तावना लिहिणाऱ्याचे कर्तव्य आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत माणशी रोज ४०० ग्रॅम भाजी सांगितली आहे. पाच माणसांच्या घराला म्हणजे रोज दोन किलो. गुंठाभर परडे, १०८९ चौरस फूट, कार्तिकात एवढी भाजी रोज देईल असे मी तरी लिहून देणार नाही. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवारातून एका कुटुंबासाठी दहा गुंठ्यांचे गणित मांडले होते, आणि तेही काटेकोर नियोजन आणि पालापाचोळ्याचा कण न् कण मातीत परतवण्याच्या अटीवर. मग गुंठाभर परडे काय देते? ज्या भाज्या ताज्याच खायला हव्यात त्या देते: पालेभाजी, कोवळी शेंग, हिरवा लसूण, कोथिंबीर. नसरापूर किंवा भोरच्या बाजारातून वाडीपर्यंत येताना मेथी मान टाकते, कोबी टाकत नाही. म्हणून दूरच्या वाड्यांत कोबी-बटाटाच पोचतो, आणि हिरवे पान परड्यात असेल तरच ताटात येते. गर्भारशीला आणि लहान मुलांना त्या पानाची गरज किती, हे अंगणवाडीताईंना वेगळे सांगायला नको.

उमेद अभियानातून पोषण परसबागांची मोहीम चालते, शाळांतही परसबागा झाल्या आहेत. कल्पना चांगली. मात्र त्यात पुष्कळदा जो चाकाच्या आकाराचा, वाफ्यांचे आरे असलेला नमुना दाखवतात, तो सपाट जागेवर आणि फोटोत शोभतो. वेल्ह्याच्या उतारावर त्याचे खालचे वाफे बुडतात आणि वरचे सुकतात. इथे समपातळीवर आडव्या, अरुंद पट्ट्याच हव्यात, भाताच्या ताली असतात तशा. जी बाई ताली बांधू शकते तिला हे शिकवावे लागत नाही, फक्त चाक आखायचा आग्रह धरू नये. शनिवार-रविवारी गुंजवणे, पाली आणि वेल्ह्यात गडांवर जाणाऱ्यांची रीघ लागते. पिठले-भाकरी देणाऱ्या घरांना मिरची, लसूण, कोथिंबीर विकत आणावी लागते की परड्यातून खुडता येते, यावर त्या जेवणातला नफा बराचसा ठरतो.

शेवटी तारखांबद्दल. या पुस्तकातले वेळापत्रक सगळ्या तालुक्याला जसेच्या तसे लागू पडणार नाही. मढे घाटाच्या तोंडाशी असलेले केळद आणि खाली उतरत गेल्यावर लागणारे विंझर, मार्गासनी यांच्या पावसात मोठे अंतर आहे. केळद-पासलीकडे माती अजून ओली असते तेव्हा मार्गासनीत वाफसा येऊन गेलेला असतो. म्हणून प्रत्येक पानाला रुंद समास ठेवला आहे. पावट्याला पहिले फूल केव्हा आले, वाफसा केव्हा आला, मावा केव्हा दिसला, हे आपल्या गावच्या नावासकट तिथे पेन्सिलीने लिहा, आणि दोन-तीन हंगामांनी तुमच्या नोंदी छापील तारखांशी जुळल्या नाहीत, तर छापील तारखा खोडून टाका.